इंदूर ते पुणं हवाई अंतर किती? आकडा चुकू नये म्हणून टप्प्याटप्प्याने

गेल्या आठवड्यात शेजारची आठवीतली मुलगी चौकटीची वही घेऊन आली. "काकू, इंदूर-नागपूर चारशे चार किलोमीटर आलं, बरोबर आहे ना?" पेन्सिलीने सुबक आकडेमोड केलेली, वर्गमूळसुद्धा हाताने काढलेलं. तरी उत्तर तेवीस किलोमीटरने चुकलेलं, कारण मधली एक पायरी राहिली होती. अशी एखादी पायरी मोठी माणसंही विसरतात. कोणी रस्त्याचं अंतर हवाई म्हणून सांगतं, कोणी मैलांना किलोमीटर समजतं, कोणी अमेरिकेतल्या मुलाचं गाव चुकून चीनच्या बाजूला नेऊन ठेवतं. एक टप्पा सुटला की पुढचं सगळं वाया जातं, म्हणून खालचा क्रम मोडू नका.

हाताशी एवढं ठेवा: वही, साइन-कोसाइन असलेला कॅल्क्युलेटर (फोन आडवा धरला की बहुतेक फोनांत मिळतो) आणि कॉम्प्युटरवर नकाशा. घरात पृथ्वीगोल असेल तर तोही काढा, शेवटी कामाला येईल.

टप्पा १: कोणतं अंतर हवंय ते आधी लिहून काढा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, गणिताला हात लावण्याच्याही आधी. "हवाई अंतर" या एकाच शब्दाखाली लोक चार वेगवेगळे आकडे सांगतात.

पहिला, शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंतची सरळ रेषा. आपला इंदूरचा राजवाडा ते पुण्याचा शनिवारवाडा सुमारे ५११ किमी.

दुसरा, विमानतळ ते विमानतळ. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळापासून पुण्याच्या लोहगाव विमानतळापर्यंत सुमारे ५०० किमी. आपला विमानतळ राजवाड्याच्या पश्चिमेला साडेपाच किलोमीटरवर आहे आणि लोहगाव शनिवारवाड्याच्या ईशान्येला जवळपास दहा किलोमीटरवर. दोन्हीकडून मिळून रेषा अकरा किलोमीटरने आखडते.

तिसरा, विमान प्रत्यक्षात जितकं उडालं तो मार्ग. हा रोज थोडा बदलतो आणि सरळ रेषेपेक्षा नेहमी जास्तच भरतो.

चौथा, मध्ये विमान बदलायचं असेल तर सगळ्या टप्प्यांची बेरीज. इंदूर ते लंडन सरळ सुमारे ७,११५ किमी. दिल्लीमार्गे गेलात तर ६६३ अधिक ६,७३१, म्हणजे ७,३९४ किमी.

शाळेच्या प्रकल्पाला साधारणपणे पहिला किंवा दुसरा आकडा चालतो. विमान कंपनीच्या नियमांत बहुतेक वेळा दुसरा असतो. "विमानात किती वेळ बसावं लागेल" हे हवं असेल तर अंतर काढूच नका, सरळ वेळापत्रक बघा. त्याचं कारण टप्पा ७ मध्ये दिलं आहे.

सावधान: रस्त्याचं अंतर यांपैकी एकही नाही. सेंधवा-धुळ्यावरून पुणं सहाशेच्या घरात जातं. नकाशावर "दिशा" हे बटण दाबून मिळालेला आकडा हवाई अंतराच्या रकान्यात कधीही लिहू नका.

टप्पा २: दोन्ही टोकं पक्की करा

शहराचं नाव पुरेसं नाही, विमानतळ ठरवा. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, मुंबईलाही आता नवी मुंबईचा दुसरा विमानतळ आहे. तिकिटावर तीन अक्षरांचं चिन्ह असतं, ते बघून घ्या: इंदूर आयडीआर, पुणं पीएनक्यू, नागपूर एनएजी, मुंबईचा जुना विमानतळ बीओएम, बडोदा बीडीक्यू, ग्वाल्हेर जीडब्ल्यूएल. लंडनसारख्या शहराला पूर्ण शहराचं एक आणि प्रत्येक विमानतळाचं निराळं चिन्ह असतं. आपल्याला विमानतळाचं हवं.

सारख्या नावांची गावं तर किती! लंडन कॅनडातही आहे. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टा रिकाची राजधानीही तीच. औरंगाबाद टाकलंत तर यंत्र तुम्हाला बिहारात नेऊ शकतं.

पडताळा: वहीत दोन्ही टोकांपुढे राज्य किंवा देश आणि तीन अक्षरी चिन्ह लिहिलेलं आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: अक्षांश-रेखांश घ्या आणि दशांशात बदला

कॉम्प्युटरवर गूगल नकाशात विमानतळावर माउसचं उजवं बटण दाबा, सगळ्यात वर दोन आकडे दिसतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. फोनवर त्या जागी बोट दाबून धरा, खूण उमटते आणि खाली तेच आकडे मिळतात. दशांशानंतर चार आकडे भरपूर झाले, चौथ्या आकड्यातला एक म्हणजे जमिनीवर अकरा मीटर. दोनच आकडे घेतलेत तर किलोमीटरभराचा फरक पडू शकतो, तोही बहुतेक कामांना चालतो.

या लेखात वापरलेले आकडे असे:

इंदूर: २२.७२१७ उत्तर, ७५.८०११ पूर्व
पुणं: १८.५८२१ उत्तर, ७३.९१९७ पूर्व
नागपूर: २१.०९२२ उत्तर, ७९.०४७२ पूर्व
लंडन हीथ्रो: ५१.४७०६ उत्तर, ०.४६१९ पश्चिम
सॅन फ्रान्सिस्को: ३७.६१९ उत्तर, १२२.३७५ पश्चिम

पुस्तकात किंवा जुन्या नकाशात हेच अंश, मिनिटं, सेकंद असे असतात. इंदूरचा अक्षांश २२ अंश ४३ मिनिटं १८ सेकंद. हा २२.४३ नव्हे! एका अंशात साठ मिनिटं असतात, म्हणून ४३ ला ६० ने भागा (०.७१६७), १८ ला ३६०० ने भागा (०.००५), आणि दोन्ही २२ मध्ये मिळवा: २२.७२१७. ही पायरी गाळून २२.४३ लिहिलंत तर इंदूर बत्तीस किलोमीटर दक्षिणेला सरकतं, विमानतळ घाट उतरून निमाडाकडे निघतो.

दुसरी चूक अदलाबदलीची. काही यंत्रं आणि फायली रेखांश आधी घेतात. इंदूरचे आकडे उलटे घातले तर जागा नॉर्वेच्याही उत्तरेला, बर्फाळ समुद्रात जाते. उत्तर काहीच्या काही मोठं आलं तर आधी हेच बघा.

तिसरी चूक चिन्हाची, आणि ती सगळ्यांत महाग पडते. उत्तर आणि पूर्व अधिक, दक्षिण आणि पश्चिम उणे. भारतात सगळंच अधिक असतं, त्यामुळे आपल्या हाताला उण्याची सवयच नसते. लंडनचा रेखांश शून्याच्या अगदी जवळ आहे, तिथे चिन्ह विसरलं तरी साठ-पासष्ट किलोमीटरच चुकतात आणि चूक लक्षातही येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचं चिन्ह विसरा, १३,०४० च्या जागी ४,७०० किमी येतं. अमेरिकेतला मुलगा एकदम चीनच्या पूर्वेला.

पडताळा: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ब्राझील यांच्या रेखांशापुढे उणे आहे ना? ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका यांच्या अक्षांशापुढे?

टप्पा ४: जवळच्या शहरांसाठी छोटी रीत

आपल्याकडच्या दोन शहरांत हजारेक किलोमीटरपर्यंतचं अंतर असेल तर पायथागोरसचा नियम पुरतो, पण एका दुरुस्तीसह. शेजारच्या मुलीच्या वहीत राहिली होती ती हीच.

अक्षांशाचा एक अंश कुठेही सुमारे १११ किमी (गणितासाठी १११.१९५ घ्या). रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तावरच तेवढा असतो. उत्तरेकडे जाल तसा तो आकसतो, कारण सगळ्या रेखांशरेषा ध्रुवावर एकत्र येतात. इंदूरच्या अक्षांशावर तो जवळपास १०३ किमीच भरतो. म्हणून रेखांशांतल्या फरकाला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणावं लागतं.

इंदूर-नागपूर करून बघू.

१. अक्षांशांतला फरक: २२.७२१७ वजा २१.०९२२, म्हणजे १.६२९५
२. रेखांशांतला फरक: ७९.०४७२ वजा ७५.८०११, म्हणजे ३.२४६१
३. मधला अक्षांश: दोन्ही अक्षांशांची सरासरी, २१.९०७. त्याचा कोसाइन ०.९२७८
४. रेखांशाची दुरुस्ती: ३.२४६१ × ०.९२७८, म्हणजे ३.०११७
५. दोन्हींचे वर्ग: २.६५५ आणि ९.०७०. बेरीज ११.७२५, वर्गमूळ ३.४२४
६. ३.४२४ × १११.१९५, म्हणजे सुमारे ३८१ किमी

तिसरी आणि चौथी ओळ गाळली की ४०४ येतं. इंदूर-नागपूर बरंचसं पूर्व-पश्चिम असल्यामुळे चूक मोठी दिसते. पुणं आपल्या जवळजवळ दक्षिणेला आहे, तिथे हीच चूक केली तरी ५०० च्या जागी ५०६ येतात आणि वाटतं, जमलं की! एका उदाहरणात उत्तर जुळलं म्हणून रीत बरोबर ठरत नाही.

सावधान: आकडे घालण्याआधी कॅल्क्युलेटरवर ६० चा कोसाइन काढा. ०.५ आला तर ठीक. उणे ०.९५२ आला तर कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजण्याचं दुसरं एकक) आहे, तो बदला. स्प्रेडशीटमध्ये तर साइन-कोसाइनला रेडियनच लागतात, तिथे प्रत्येक अंशाचं आधी रेडियन करून घ्यावं लागतं. हे विसरून आलेली उत्तरं इतकी विचित्र असतात की माणूस सूत्रालाच दोष देतो.

हाताला सवय व्हावी म्हणून आणखी दोन काढा. इंदूर-ग्वाल्हेर: अक्षांश २६.२९३३, रेखांश ७८.२२७८. इंदूर-बडोदा: अक्षांश २२.३३६२, रेखांश ७३.२२६३. उत्तरं ४६७ आणि २६८ च्या आसपास यायला हवीत. बडोद्याच्या गणितात रेखांशाचाच जवळजवळ सगळा हिस्सा आहे, त्यामुळे दुरुस्ती विसरलीत तर तिथे लगेच पकडले जाल.

टप्पा ५: लांबच्या शहरांसाठी मोठी रीत

पृथ्वी गोल आहे हे लांबच्या अंतरात विसरून चालत नाही. छोट्या रीतीने इंदूर-लंडन काढलं तर सुमारे ७,४८० येतं, खरं ७,११५. साडेतीनशेहून अधिक किलोमीटर हवेत वाढले. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या छेदाच्या कडेवरून. त्याची रीत अशी:

१. दोन्ही अक्षांशांचे साइन काढून गुणा. इंदूर ०.३८६३, लंडन ०.७८२३, गुणाकार ०.३०२२.
२. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन काढून गुणा. ०.९२२४ × ०.६२२९, म्हणजे ०.५७४६.
३. रेखांशांतला फरक काढा. लंडन पश्चिमेला, म्हणून ७५.८०११ वजा (उणे ०.४६१९), म्हणजे बेरीजच: ७६.२६३. त्याचा कोसाइन ०.२३७५.
४. दुसऱ्या ओळीला तिसऱ्या ओळीच्या कोसाइनने गुणा: ०.१३६४.
५. पहिली ओळ आणि चौथी ओळ मिळवा: ०.४३८६.
६. याचा उलटा कोसाइन काढा, म्हणजे ज्या कोनाचा कोसाइन एवढा येतो तो कोन: ६३.९९ अंश.
७. ६३.९९ × १११.१९५, म्हणजे सुमारे ७,११५ किमी.

मधल्या पायऱ्यांत दशांशाचे चार आकडे ठेवा, कापू नका. रेखांशांतला फरक १८० च्या वर गेला (सॅन फ्रान्सिस्कोला १९८.१८ येतो) तरी घाबरू नका, कोसाइन ते आपोआप सांभाळतो. छोट्या रीतीत मात्र तो सांभाळला जात नाही, हेही तिथे ती न वापरण्याचं एक कारण.

एकाच शहरातल्या दोन जागांसाठी ही मोठी रीत वापरू नका. जवळच्या बिंदूंना पाचव्या ओळीचं उत्तर १ च्या इतकं जवळ येतं की कॅल्क्युलेटरचे दशांश अपुरे पडतात. तिथे टप्पा ४ चीच रीत बरी.

टप्पा ६: एकक लिहा, मगच आकडा लिहा

इंदूर-पुणं ५०० किमी म्हणजेच ३११ मैल, म्हणजेच २७० नॉटिकल मैल. तिन्ही खरे, आणि तिन्ही आंतरजालावर सापडतात. साधा मैल १.६०९ किमीचा, नॉटिकल मैल बरोबर १.८५२ किमीचा. वैमानिक आणि हवाई नकाशे नॉटिकल मैल वापरतात. नुसतं "मैल" लिहिलेलं दिसलं तर कोणते, हे आधी शोधा. दोन ठिकाणच्या आकड्यांचा भागाकार १.६१, १.८५ किंवा १.१५ च्या जवळ येत असेल तर अंतरात मतभेद नाही, फक्त एकक वेगळं आहे.

आणि दोन चांगल्या ठिकाणी ४९८ आणि ५०० असं दिसलं तर? दोन्ही बरोबर असू शकतात. आपण पृथ्वी पूर्ण गोल धरली, सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी. खरी पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे: विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवाशी ६,३५७. चपटेपणा धरून मोजणारी यंत्रं इंदूर-पुणं दीड-दोन किलोमीटरने कमी दाखवतात. अर्ध्या टक्क्यापर्यंतचा फरक या कारणाने पडतो, त्यावरून वाद घालू नये. त्याहून जास्त असेल तर टप्पा २ वर परत जा, टोकं वेगळी असणार.

टप्पा ७: प्रत्यक्ष उड्डाणाशी गल्लत करू नका

पाचशे किलोमीटर, विमानाचा वेग आठशेच्या आसपास, म्हणजे अडतीस मिनिटं. मग तिकिटावर तासाच्या वर का लिहिलंय? हा प्रश्न मला दर उन्हाळी सुट्टीत कोणीतरी विचारतंच. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, वर चढणं, खाली उतरणं सगळं आलं, आणि चढता-उतरताना वेग आठशे नसतो. शिवाय धावपट्टीची दिशा, वारा, ढग आणि ठरलेले हवाई मार्ग यांमुळे विमान सरळ रेषेवरून जात नाही.

कधी देशांच्या भांडणामुळेही मार्ग वळतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि त्यांची दिल्लीहून युरोपकडे जाणारी विमानं लांबून जाऊ लागली. दिल्ली-लंडन बृहद्वृत्तीय अंतर त्या दिवशी एका मीटरनेही वाढलं नाही, वाढला तो प्रवास.

म्हणून अंतर भागिले वेग करून विमानतळावर घ्यायला जाण्याची वेळ ठरवू नका. पण कार्बनचा हिशेब करायचा असेल तर ठरलेली भर घालता येते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या गणनपद्धतीत बृहद्वृत्तीय अंतर ५५० किमीपेक्षा कमी असेल तर ५० किमी, ५५० ते ५,५०० असेल तर १०० आणि त्याहून जास्त असेल तर १२५ किमी मिळवतात. त्या हिशेबाने इंदूर-पुणं ५५० किमी धरायचं.

टप्पा ८: पैशाचा प्रश्न असेल तर नियमातलं वाक्य वाचा

मुलं युरोपात असलेल्या घरांनी हा टप्पा नीट वाचावा. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे विमान रद्द झालं किंवा फार उशीर झाला तर मिळणारी भरपाई अंतरावर ठरते: १,५०० किमीपर्यंत २५० युरो, त्यापुढे ४०० आणि लांबच्या प्रवासाला ६००. हे अंतर बृहद्वृत्तानेच मोजायचं, असं नियमातच म्हटलं आहे.

मग मध्ये विमान बदललं तर टप्पे मिळवायचे की सरळ अंतर घ्यायचं? रोमहून ब्रसेल्समार्गे हॅम्बुर्गला जाणाऱ्यांच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये याचा निकाल दिला. टप्प्यांची बेरीज १,६५६ किमी होती, रोम-हॅम्बुर्ग सरळ १,३२६. न्यायालयाने सरळ अंतर धरलं, म्हणजे प्रवासी ४०० च्या नव्हे, २५० युरोच्या गटात गेले. तेव्हा अर्ज भरताना पहिलं निघण्याचं ठिकाण आणि शेवटचं पोहोचण्याचं ठिकाण, एवढीच दोन टोकं घ्या. बेरीज लिहून जास्त रक्कम मागितली की अर्ज परत येतो आणि महिने जातात.

भारतात हा हिशेब लावू नका. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत विमान रद्द झाल्यावरची भरपाई अंतरावर नाही, उड्डाणाच्या ठरलेल्या वेळेवर बेतलेली आहे.

टप्पा ९: दोऱ्याने शेवटची खात्री

तीस सेंटीमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्या. त्याचा घेर साधारण ९४ सेंटीमीटर, पृथ्वीचा सुमारे ४०,००० किमी, म्हणजे एक सेंटीमीटर जवळपास ४२५ किमी. शिवणकामाचा दोरा इंदूरवर अंगठ्याने दाबा, लंडनपर्यंत न्या आणि ताणा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर बसतो. पट्टीवर मोजा, पावणेसतरा सेंटीमीटरच्या आसपास भरला पाहिजे.

मग तोच दोरा सॅन फ्रान्सिस्कोला न्या. भिंतीवरच्या सपाट नकाशावर वाट अटलांटिक किंवा पॅसिफिकवरून आडवी जाईल असं वाटतं. गोलावर दोरा सरळ वर चढतो, सायबेरिया ओलांडतो, उत्तर ध्रुवाच्या अंगाने जातो आणि पलीकडे खाली उतरतो. लांबी एकतीस सेंटीमीटरच्या जवळ, म्हणजे तेरा हजार किलोमीटर.

त्या मुलीने हे माझ्यासमोर केलं. गोल तिच्या मांडीवर, दोरा दोन्ही अंगठ्यांत ताणलेला. मग वहीतलं ४०४ खोडलं, मधला अक्षांश काढला, कोसाइनने गुणलं आणि खाली लिहिलं: "नागपूर, एनएजी, विमानतळ ते विमानतळ, बृहद्वृत्त, सुमारे ३८१ किमी."